डावा गाल

एका देशाचं सबंध युद्ध एका बाईने एकटीने चितारून ठेवलं, आणि ते काम इतकं निर्भीड होतं की त्यातली एक रेघसुद्धा कुणा अधिकाऱ्याला खोडता आली नाही. हे अक्षरशः खरं आहे. खोडायची तर आधी ती दिसायला हवी होती. चित्रं खिडक्यांच्या काचांवर होती, आतल्या बाजूने त्यांवर डांबरी काळ्या रंगाचे दोन हात मारलेले होते, म्हणजे ती दिसली तर फक्त बाहेरून दिसणार. आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर उभं राहून चित्र बघायची सोय त्या देशात कुठेच नव्हती. काळे हातही तिनेच मारले होते, रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून, सरकारी ब्रशने. आता युद्ध संपून सहा आठवडे झाले होते आणि खिडक्या उघड्या करायचा हुकूम निघाला होता, तेव्हा तेच सगळं ती पात्याने खरवडून काढत होती. रोज अकरा खिडक्या. काळ्याचे पापुद्रे नखांत जात, चहात पडत, थुंकी काळी येई, आणि प्रत्येक पापुद्र्याच्या पाठीला थोडा पांढरा चिकटलेला असे, कुणाची तरी बाही, कुणाची बादली. पातं काचेवरून फिरताना येणारा आवाज तिच्या दाढांत घुसे आणि संध्याकाळी जेवताना पुन्हा बाहेर पडे. एकदा खरवडलं की प्रकाश एकदम आत येई आणि घरातली माणसं डोळ्यांपुढे हात धरून म्हणत, "अरे वा, किती धूळ आहे आपल्याकडे."

ती मुळात मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची. शाळा पहिल्याच महिन्यात इस्पितळ झाली आणि सगळ्यांनी नोंदणीला जायचं ठरलं. टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, व्यवसाय? ती म्हणाली, चित्रकार. तो म्हणाला, "म्हणजे रंग लावता?" तिला हसू आलं, रांगेत चार तास उभं राहिलेल्या माणसाला येतं तसं, आणि ती म्हणाली, "हो, लावते की." त्याने रकान्यात 'रंगारी' लिहिलं. दुरुस्ती नंतर करून घेऊ असं तिने मनाशी म्हटलं, आणि दुसऱ्या सोमवारी ती चार माणसं, एक शिडी आणि एक मुकादम यांच्याबरोबर लोकांच्या खिडक्या काळ्या करत होती. चित्रकारांचीही एक सरकारी तुकडी निघाली होती. तिच्यात सात पुरुष होते आणि त्यांना मैदानावर नेऊन घोड्यांची चित्रं काढायला लावत. या युद्धात घोडे नव्हते, पण घोडे काढायची परवानगी होती. पुलांची, कारखान्यांची, स्टेशनांची, पडक्या घरांची आणि रांगांची नव्हती. मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, एक लक्षात ठेवा. इथे काढायचं काही नाही, फासायचं." तिने मान डोलावली. तिसऱ्या की चौथ्या घरात ती काच पुसत होती, पलीकडे पाण्याची रांग होती, आणि रांगेत एक माणूस डोक्यावर दार घेऊन उभा होता. घर गेलं होतं, दार राहिलं होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसावं, म्हणून ते घेऊनच तो पाण्याला आला होता. आता दोन मिनिटांनी ही काच काळी होणार आणि मग हा माणूस कुणालाच दिसला नाही असं होणार. बाहीत एक बारका कुंचला होता, सवयीने ठेवलेला. डब्यात सफेदा होता. मुकादम जिन्यात विडी ओढत होता.

काचेवरचं काम उलटं असतं. कागदावर जे शेवटी येतं ते इथे पहिलं. आधी डोळ्यातली चमक, मग डोळा, मग चेहरा, मग चेहऱ्यामागची भिंत, आणि सगळ्यात शेवटी आकाश. आकाश सरकारी होतं, काळं. शिवाय डावं ते उजवं करायचं, कारण बघणारा पलीकडून बघणार. कोण बघणार हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. दुकानांच्या पाट्या ती उलट्या अक्षरांत लिही, आणि दुसऱ्या वर्षी तिचा हात इतका बसला की किराण्याची यादीसुद्धा एकदा तिने उलटीच लिहिली. रांगा, दर्शनी भिंत गेलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नेमाने गादी झटकणारी बाई, बिनकाचांची ट्राम, उशांच्या अभ्र्यांत भांडी घालून निघालेलं कुटुंब, कुणाच्या तरी नावाने दिवसभर हाका मारणारा आणि संध्याकाळी घसा बसल्यावर नुसतंच तोंड उघडणारा म्हातारा. तीन वर्षांत दोन हजारांच्या आसपास काचा झाल्या. दाद म्हणाल तर एकदाच मिळाली. एका घरमालकिणीने दिवसा खिडकीचं दार आत उघडून बघितलं आणि कार्यालयात तक्रार केली की रंगाऱ्याने आमच्या काचेवर डाग पाडलेत.

आता तेच डाग ती काढत होती आणि ठरवून काहीच वाटून घेत नव्हती. बधिरपणाचीही एक लय असते. अकरा खिडक्या, मग घर. फक्त आपल्या स्वयंपाकघराची खिडकी ती रोज उद्यावर टाकत होती. आई म्हणायची, "जगाला उजेड वाटत हिंडतेस आणि आपल्याकडे दिवसा दिवा." ती म्हणायची, शनिवारपर्यंत मुदत आहे. त्या काचेवर धाकटा होता. तिचा भाऊ, लढाईवर जायच्या आदल्या दिवशीचा. घरातला त्याचा एकुलता एक फोटो शोध-अर्जाला जोडला होता आणि शोध कार्यालय त्या फोटोसकट जळालं होतं. म्हणजे या जगात त्याचा चेहरा होता तो त्या काचेवर, आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या खिडक्या खिळे मारून कायमच्या बंद केल्या त्यामुळे तोही दोन वर्षं कुणी पाहिला नव्हता. खरवडला तर भाऊ जाणार, नाही खरवडला तर दंड. अशी तिची समजूत होती, आणि हाच काय तो आपला पेच आहे असं ती आज सकाळपर्यंत धरून चालली होती.

आज सकाळी आई चहा गाळता गाळता, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "उजव्या कुशीवरच झोपायचा नेहमी. त्यामुळे तीळ वर. मी जाता-येता बोट लावून जायची."

एवढंच. आईने गाळणी आपटली, चोथा डब्यात टाकला. तिचा कप मात्र ओठांपाशी थांबला. ही उजवी कूस, मग वर येणार तो... तिने कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर सरळ उजव्या कुशीवर आडवी झाली. फरशी गार होती. हात उचलून तिने वरच्या गालाला लावला. मग खात्री करायला पुन्हा लावला.

"अगं, काय होतंय? चक्कर आली का?"

"आई, तीळ कुठल्या गालावर होता त्याच्या?"

"कुठल्या म्हणजे? डाव्या."

"चित्रात उजव्या आहे."

"हो, ते मी बघितलं होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, कलेत तसंच असतं."

फरशीवरून टेबलाची खालची बाजू दिसत होती. तिथे लहानपणी धाकट्याने खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं, तेही उलटं, कारण मोठेपणी आपण छापखान्यात जाणार हे त्याने नवव्या वर्षीच जाहीर केलं होतं. आणि गेलाही, उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा. उलटं वाचणं त्याला सुलट वाचण्याइतकं सोपं. जायच्या आदल्या दिवशी तो स्टुलावर बसला होता, नवे बूट घालून, कारण बूट चावत होते आणि ते सैल व्हावेत अशी त्याची इच्छा होती. ती काचेवर डोळ्यातली चमक ठेवत होती आणि मोज्यांबद्दल बोलत होती. लोकरीचे की सुती, किती जोड, ओले झाले तर लगेच काढ, तसाच झोपू नकोस. दोन हजार काचांत एकदाही जे झालं नाही ते त्या एका काचेवर झालं. त्या चेहऱ्याकडे बघून काढायची गरज आहे असंच तिच्या हाताला वाटलं नाही, तो सरळ चालला, डावं-उजवं न उलटवता, कागदावर चालावा तसा. काम झाल्यावर धाकट्याने खिडकीचं दार आत ओढलं, पलीकडून चित्र बघितलं आणि खो खो हसला. म्हणाला, "छापल्यावर सरळ होईल गं, ताई." ती म्हणाली, "तुझा छापखाना घाल चुलीत, मोजे कुठे आहेत?" तिला वाटलं, छापखान्यातला विनोद आहे. तो विनोद नव्हता. तो खिळे जुळवणाऱ्याने दाखवलेला दोष होता, धंद्याच्या भाषेत, आणि तिने तो ऐकून मोजे शोधले.

आणि मग आठ महिन्यांनी 'बेपत्ता' असा कागद आला आणि अर्ज भरायचा होता. ओळखीची खूण. आई आतून म्हणाली, तीळ लिही, गालावरचा. कुठला गाल हे आईने सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हे आईला माहीत नव्हतं. तिच्या हिशेबी तीळ जिथे होता तिथेच होता. लिहिताना मात्र ती क्षणभर थांबली. बारा वर्षं मुलींना तिने एकच गोष्ट शिकवली होती, आठवणीतून काढू नका गं, आठवण थापाडी असते, समोर बघा आणि मग काढा. तेव्हा ती उठली, खिडकीचं दार आत ओढलं, समोर बघितलं, आणि लिहिलं, 'उजव्या गालावर तीळ'. अक्षर सुरेख आलं होतं.

फरशीवर पडल्या पडल्या तिला आता त्याच्या पुढचं आठवायला लागलं आणि ते आठवू नये म्हणून ती उठून बसली, पण ते आलंच. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर अनोळखी रुग्णांची यादी लागायची. दर गुरुवारी ती जायची. तीन महिन्यांपूर्वीच्या यादीत सत्तेचाळीसवा होता, 'अनोळखी. वय अंदाजे चोवीस. बोलत नाही. उजव्या हाताची बोटं काहीतरी उचलून ठेवत असल्यासारखी सतत हलतात. डाव्या गालावर तीळ.' तिचं बोट त्या ओळीवर थांबलं होतं. किती वेळ? बोटाखालचा कागद ओलसर झाला होता. बिचारा, असं तिच्या मनात आलं होतं, कुणाचा आहे कोण जाणे. मग 'डाव्या' या शब्दाशी ती अडखळली आणि बोट अठ्ठेचाळीसवर गेलं. ज्या बाईने दोन हजार माणसांच्या हालचाली नुसत्या नजरेने टिपल्या होत्या तिने पेटीतून खिळा उचलून ओळीत ठेवणारी बोटं वाचली, आणि बिचारा म्हणून पुढे गेली. कारण तिच्याकडे चित्र होतं.

मुकादमाला तिने फक्त काच चौकटीतून अख्खी काढून हवी आहे एवढंच सांगितलं. तो पटाशी घेऊन आला. काच बसवायची लांबी सुकून दगड झाली होती, ती तो मिलिमीटर मिलिमीटर उकरत होता आणि ती काचेला तळहात टेकून उभी होती, पलीकडे धाकट्याचं कपाळ असेल त्या जागी. तासाभराने काच सुटली. मुकादमाने ती उलटी फिरवली. काळ्याला बारीक भेगा गेल्या होत्या, एक कानावरून खाली मानेवर उतरली होती, पण चेहरा शाबूत होता. ओठ किंचित दाबलेले, बूट चावत असल्यासारखे. "म्हणजे बाई, तुम्ही त्या सगळ्या..." मुकादम म्हणाला आणि त्याने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "मी पण खरवडल्या की हो. पाचशेएक तरी."

"मीच सांगितलं होतं तुम्हाला जोर लावून खरवडा म्हणून."

"सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?"

मुकादमाने काच चादरीत गुंडाळून दिली आणि म्हणाला, "आडवी धरू नका, उभी धरा. आडवी स्वतःच्या वजनाने तडकते." मग जिन्यापर्यंत येऊन पुन्हा म्हणाला, "उभीच."

तर ती काच उभी धरून निघाली. ट्राममध्ये चादर घसरली. शेजारच्या बाईने मान वाकडी करून बघितलं आणि कोण म्हणून विचारलं. ती म्हणाली, भाऊ. "गेला?" बाईने विचारलं, उतरला का विचारावं तसं. "माहीत नाही." बाई म्हणाली, "मग बरंय," आणि सरकून तिने काचेला जागा करून दिली. बाहेर जवळजवळ सगळ्या खिडक्या लख्ख होत्या. ऊन एका काचेवरून दुसऱ्या काचेवर पडत होतं, शहर एखाद्या धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं चमकत होतं, आणि त्यातली कुठली खिडकी कुठली होती, दारवाला कुठे, गादीवाली कुठे, हे तिला आता आठवेना. तीन वर्षं जे तिने बघितलं ते बघितलं होतं का, की तेही कुठल्या तरी बाजूचं उलट होतं? दार त्याच्या डोक्यावरच होतं ना? तिने डोळे मिटले तर आत काळं नव्हतं, नुसता प्रकाश होता, कोरा.

शोध कार्यालय आता तिच्याच जुन्या शाळेत होतं. इस्पितळ हलवल्यावर वर्ग रिकामे झाले होते. तिच्या ड्रॉइंगच्या वर्गात चष्मा दोऱ्याने बांधलेला एक कारकून बसला होता. स्वभावाने चांगला, आणि यानेच पुढे सगळं अवघड केलं. तिने सत्तेचाळीस म्हटलं. त्याने यादी काढली, बोट फिरवलं, थांबला. "आहे. म्हणजे होता. तीन महिन्यांत ओळख पटली नाही की पुढे हलवतात."

"कुठे?"

"ते नातेवाइकांनाच सांगता येतं."

"मी नातेवाईकच आहे. बहीण."

"कुणाची?" त्याने तिचा जुना अर्ज काढला, कार्यालय जळाल्यावर तिच्याकडून नव्याने भरून घेतलेला, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "तुमच्या भावाचा तीळ उजव्या गालावर. याचा डाव्या. तुम्ही दुसऱ्याच कुणाची तरी बहीण आहात."

"ती माझी चूक आहे. डाव्याच गालावर आहे."

"पुरावा?"

"आई सांगेल. तिला आणते मी."

कारकुनाने चष्मा काढला. "आयांची साक्ष बंद केली आहे हो. वरूनच आलंय. आया सगळ्यांनाच ओळखतात. मागे एका मुलाला नऊ आया मिळाल्या होत्या." हे तो चेष्टेने म्हणाला नाही. तिने चादर सोडली आणि काच टेबलावर उभी धरली. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला. "सुरेख आहे," तो म्हणाला. "अगदी बोलेल असं वाटतं." मग त्याने पेन्सिलने हवेतच गाल दाखवला. "पण बाई, इथेही उजव्याच आहे. हा तर तुमच्या जुन्या अर्जाचा पुरावा झाला."

"ते काचेवरचं काम आहे. उलटं येतं. मी बसले होते त्या बाजूने बघितलं तर तो डाव्या गालावरच आहे."

"मग त्या बाजूने दाखवा."

तिने काच फिरवली. दोघांनीही बघितलं. ती बाजू काळी होती.

"काळं आहे," कारकून म्हणाला.

"काळ्याच्या आत आहे."

"थोडं खरवडून...?" त्याने टेबलाचा खण उघडला; तिथेही एक पातं होतं, सगळ्या कार्यालयांना मिळालेलं.

"नको," ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखिकेचा हात थांबला. "आधी तो आहे, मग काळं आहे. काळ्याबरोबर तो येतो. मी रोज अकरा बघते. तोच येतो सगळ्यात आधी." तिला बोलताना थांबता येईना. चमक, डोळा, चेहरा, भिंत, आकाश. आकाश शेवटी लावलं, म्हणून पहिलं निघतं, आणि त्याला धरून सगळे. तिने हे सगळं क्रमाने, वर्गात सांगावं तसं सांगितलं, तिच्याच फळ्यापुढे उभं राहून. छापखान्याचं सांगितलं. बोटांचं सांगितलं, आणि आपल्या उजव्या हाताने हवेतून खिळे उचलून दाखवले. कारकून ऐकत होता. त्याला पटलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला पटतंय हो," तो हळू आवाजात म्हणाला. "पण माझ्या पटण्याला रकाना नाही. चित्राबद्दल मत लागेल, तज्ज्ञाचं. चित्रकाराचं."

"मी चित्रकार आहे."

त्याने कागद तिच्याकडे फिरवला. व्यवसाय, रंगारी. "रंगाऱ्याचं मत भिंतीपुरतं चालतं."

"तीही चूक आहे. ती माझी नाही, तुमची."

"बघा ना," तो म्हणाला आणि खरोखरच हळहळला. मग त्याचा चेहरा उजळला. आपण काहीतरी करू शकतो हे सापडलेल्या माणसासारखा त्याने नवा कागद ओढला. "आपण असं करू. आधी व्यवसाय दुरुस्त करून घेऊ. तुम्ही चित्रकार झालात की तुमचं मत ग्राह्य. मग तीळ. तसं एका अर्जावर एकच दुरुस्ती बसते, आणि युद्धाच्या नोंदी या शनिवारी कायमच्या मिटतायत, पण मी दोन्ही लिहून ठेवतो. वर काय मंजूर होईल ते होईल." त्याने दोन ओळी लिहिल्या. अक्षर त्याचंही चांगलं होतं. तिने सही केली. सही करताना हात उजवीकडून डावीकडे जायला लागला तो तिने आवरला.

घरी आल्यावर आईने काच ओट्याला टेकवून ठेवायला सांगितली, उभी. रिकाम्या चौकटीतून उजेड येत होता आणि वाराही. आई स्टूल घेऊन तिच्यासमोर बसली, पदराने काच पुसायला गेली आणि थांबली, न जाणो पुसून जायचा. मग बोट पुढे करून तिने उजव्या गालावरच्या तिळाला लावलं. "सापडला का?" तिने विचारलं. "बघतायत," ती म्हणाली. पुढचे आठ दिवस, शनिवार उलटून गेल्यावरही, ती अकरा-अकरा खिडक्या खरवडत राहिली. आता प्रत्येक पापुद्रा ती उलटून बघायची, पण एवढ्याशा तुकड्यावरून काही कळत नसे. खिशात ठेवले तर त्यांचा भुगा होई.

नवव्या दिवशी पत्र आलं. अर्जदाराच्या व्यवसायाच्या रकान्यात 'रंगारी' याऐवजी 'चित्रकार' अशी दुरुस्ती करण्यात आली होती. उर्वरित मजकूर कायम.